लहान मुलांसोबत मुंबईतली संग्रहालयं: एका दिवसात किती जमतील?

पिंपळपान

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मुंबईतल्या संग्रहालयांसाठी काढायचा आहे. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना जिने चढायला त्रास होतो. डोंबिवलीहून लोकलने येणार. रविवार धरला आहे. कच्चा आराखडा असा:

सकाळी १० - नेहरू विज्ञान केंद्र, वरळी
दुपारी १ - प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम
दुपारी ४ - तारांगण
संध्याकाळी ६ - तारापोरवाला मत्स्यालय, मग चौपाटीवर भेळ

जमेल का? क्रम बदलावा का? खाणं घरून न्यावं की बाहेर? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बटाटाभाजी

हा सहलीचा आराखडा आहे की पोलीस भरतीची मैदानी चाचणी?

ठाणेकर_काका

चारही ठिकाणं चांगली, पण एका दिवसात नाही. ४ वर्षांचं मूल सोबत असेल तर एक संग्रहालय आणि एक मोकळी जागा, बास. हिशोब मांडून बघा. डोंबिवली ते सीएसएमटी जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास. दोन जेवणं-खाणी मिळून दीड तास. शू, पाणी, 'कडेवर घे' आणि तिकिटाची रांग यांत एक तास. दहा तासांतले पाच तास असे गेले. उरलेल्या पाचांत चार ठिकाणं बसवली तर दोन ठिकाणांमधला प्रवास धरायचा राहिला.

आणि तारापोरवाला मत्स्यालय काढून टाका. १९५१ सालचं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. जुन्या याद्या अजून फिरतात आणि लोक मुलांना घेऊन मरीन ड्राइव्हवरच्या बंद दारापर्यंत जातात.

डबलडेकर

काकांशी सहमत. शिवाय रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. साधारण साडेदहा-अकरापासून साडेतीन-चारपर्यंत. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, वेळ वाढतो, गर्दी दुप्पट होते. कुठल्या पट्ट्यात आहे ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं, ते बघितल्याशिवाय रविवारचं काही ठरवू नका.

आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ८ ते १० डोंबिवलीहून चार वर्षांच्या मुलाला घेऊन चढायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. शनिवार सगळ्यात बरा. ५ वर्षांखालच्याला लोकलचं तिकीट लागत नाही, ५ ते १२ ला अर्धं. मुलीचं काढायला विसरू नका.

चष्मिष

विज्ञान केंद्र आणि तारांगण दोन्ही वरळीत, दोन्हींच्या नावात नेहरू, म्हणून लोक एकच समजतात. वेगळी आवारं आहेत, मध्ये साधारण एक किलोमीटर अंतर आहे, तिकीटही वेगळं. तारांगण सोमवारी बंद. खेळांच्या भाषा ठरलेल्या असतात, मराठी खेळ हवा असेल तर त्याची वेळ आधी बघा, नाहीतर चार वर्षांचा इंग्रजी निवेदन ऐकत अंधारात बसेल आणि दहाव्या मिनिटाला 'बाहेर चल' म्हणेल. मधूनच उठून बाहेर पडणं अवघड जातं. अंधाराला घाबरणारं मूल असेल तर तारांगण सरळ दोन वर्षांनी करा.

पिंपळपान

बाप रे. बरं झालं विचारलं. मग एकच निवडायचं तर कुठलं? मुलीला इतिहास आवडायला लागलाय, मुलाला प्राणी आणि चाकं असलेलं काहीही.

शिशिरा

मुलीला 'शिवाजी महाराजांचं म्युझियम' असं सांगून नेऊ नका. छत्रपती शिवाजी महाराज हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं आताचं नाव आहे, विषय नाही. तिसरी-चौथीतली मुलं आत शिरल्यापासून महाराज कुठे म्हणून शोधत राहतात आणि चिनी बरण्या, नेपाळी मूर्ती, इजिप्तच्या वस्तू बघून हिरमुसतात. आधीच सांगावं: जगभरच्या जुन्या वस्तू आहेत, त्यात ढाली-तलवारी पण आहेत. म्हणजे शस्त्रांच्या दालनात पोचल्यावर ती खूश होईल. अकबराचं म्हणून ठेवलेलं पोलादी चिलखत याच संग्रहालयात आहे.

त्या इमारतीत ४ वर्षांच्या मुलासाठी निसर्ग विभाग, ८ वर्षांच्या मुलीसाठी शस्त्रं आणि तळमजल्यावरची शिल्पं. तीनच. दोन्ही मुलांना सगळं दाखवायचा अट्टहास केला की तिसऱ्या दालनात एक जमिनीवर बसतं आणि दुसरं पळतं. आई-बाबा दोघं आहात तर फाटा फोडा: अर्धा तास एकाने मुलगा घ्यायचा, एकाने मुलगी, मग मधल्या घुमटाखाली भेटायचं. सासूबाईंना तिथेच बसवा, इमारत बघण्यासारखी आहे. जॉर्ज विटेटने आखलेली. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला.

आवारात मुलांचं वेगळं संग्रहालयही आहे, २०१९ पासून. तिथे त्या दिवशी काय चालू आहे, वयाची अट आहे का, वेगळं नाव नोंदवावं लागतं का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आत कार्यशाळा चालू असेल तर नुसतं डोकावता येईलच असं नाही.

व्याकरणवेडा

धाग्याशी थोडं अवांतर. वस्तुसंग्रहालय की वास्तुसंग्रहालय? वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतं. आत वस्तू आहेत, वास्तू नाहीत. म्हणून वस्तुसंग्रहालयच बरोबर.

पेठकर

वास्तूत वस्तू आहेत. दोन्ही बरोबर. पुढे.

बटाटाभाजी

आमच्याकडे आजोबा मंडळी अजून 'अजबखाना' म्हणतात. वाद मिटला.

तिकीटखिडकी

निसर्ग विभागाबद्दल एक सांगतो, कारण तिथे सगळे आईबाप अडकतात. मूल विचारतं, 'हा वाघ मेलाय का?' झोपलाय वगैरे सांगू नका, कारण पुढचा प्रश्न 'मग उठणार कधी' असा येतो आणि काचेवर टकटक सुरू होते. सरळ सांगा: हो, मेलेला आहे, कातडी खरी, आत भराव, डोळे काचेचे. डोळे काचेचे म्हटलं की भीती पळते आणि मूल प्रत्येक प्राण्याचे डोळे तपासायला लागतं. पंधरा मिनिटं निघतात.

काचपेट्यांची उंची मोठ्या माणसाच्या नजरेला धरून असते. ४ वर्षांच्या मुलाची उंची शंभर सेंटीमीटरच्या आसपास, डोळे त्याहून खाली. त्याला आतली वस्तू दिसतच नाही, वरच्या दिव्याची चकाकी दिसते. ते कंटाळलेलं नसतं, दिसत नसल्यामुळे पळत असतं. प्रत्येक ठिकाणी एकदा त्याच्या उंचीला वाकून बघा. दिसत असेल तर थांबा, नसेल तर उचला, आणि सतत उचलावं लागत असेल तर ते दालन सोडा. म्हणून लहान मुलांना उघड्यावरची मोठी शिल्पं आणि जमिनीपासून सुरू होणारे देखावे आवडतात. नाणी, लघुचित्रं, दागिने आठच्या पुढे.

घारापुरी

सगळे फोर्टातच फिरताय. डोंबिवलीच्या माणसासाठी सोयीचं ठिकाण भायखळा! भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेच्या (म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या) दाराशीच. भायखळ्याला बहुतेक जलद गाड्या थांबतात, पूर्वेला उतरून दहा मिनिटं चालायचं, नाहीतर टॅक्सी. गाडी बदलायची नाही. वरळीला जायचं तर दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, किंवा सीएसएमटीपर्यंत जाऊन मेट्रोने विज्ञान केंद्र स्थानक. दोन्हीत जिने.

१८७२ चं संग्रहालय. इमारत छोटी, दीड तासात व्यवस्थित होतं, आणि मुलांसाठी हाच त्याचा गुण. मातीची छोटी माणसं, होड्या-गलबतांच्या प्रतिकृती, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, जुन्या मुंबईचे नकाशे. सगळं छोट्या आकारात, म्हणून मुलं नाक लावून बघतात (काचेला नाक लावू नका हे पन्नासदा सांगावं लागेल, तयारी ठेवा).

बाहेर दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं ते ज्या हत्तीवरून, तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलताना पडून फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणून १९१४ मध्ये जोडले. मुलांना एकच काम द्या: सांधे शोधा. आतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा हत्ती जास्त वेळ पुरतो, तिकीटही लागत नाही.

सासूबाईंसाठी: तळमजला विनासायास, वरच्या मजल्याला जिना. लिफ्ट असेलच असं धरून चालू नका, विचारा.

बुधवारी बंद. राणीची बागही बुधवारी बंद. दिवाळीत एक गोम अशी की सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. कॅलेंडर बघून ठरवा.

शिशिरा

घारापुरींना अनुमोदन. आधी संग्रहालय, मग बाग. पेंग्विन बघून झालेलं मूल मातीच्या बाहुल्या बघायला वळत नाही.

ठाणेकर_काका

उलट! आधी बाग. प्राणी सकाळी हालचाल करतात, बाराला सगळे सावलीत पाठ फिरवून झोपलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं ऊन दुपारी डोक्यावर. सकाळी बाग, उन्हात संग्रहालय.

शिशिरा

काका, प्राणी जागे असतील, पण मुलगा दमलेला असेल. बाग मोठी आहे, दोन तास चालल्यावर संग्रहालयात तो बाबांच्या खांद्यावर झोपून जाणार. मग बाबांनी एकट्याने हत्तीचे सांधे शोधायचे का?

बटाटाभाजी

बाबांनाही कधीतरी शांतपणे संग्रहालय बघायला मिळावं की.

घारापुरी

दोघांचंही अर्धं बरोबर. बाग उघडल्या-उघडल्या आत जा, पण फक्त वाघ, अस्वल आणि पेंग्विन. पेंग्विनची रांग अकरानंतर फुगते, म्हणून आधी तेच. सव्वा तासात बाहेर. मग हत्तीपाशी बसून खाऊ, साडेअकराच्या सुमाराला संग्रहालय, एकला जेवण. उरलेली बाग मनात असेल तर चारनंतर, पण पुन्हा आत सोडतात का, की नवं तिकीट, हे बाहेर पडायच्या आधी दारावर विचारा. बाहेर पडून विचारणारे नवं तिकीट काढतात.

पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्याकडचे. बर्फातले नाहीत. कार्टून बघून मुलं 'बर्फ कुठे' विचारतात, उत्तर तयार ठेवा.

डबलडेकर

चाकं आवडणाऱ्या मुलाचा कोणी विचारच केला नाही. विज्ञान केंद्राच्या बागेत वाफेचं इंजिन, जुनी ट्राम, 'मरुत' लढाऊ विमान आहे. मोठं, उघड्यावर, दिसायला सोपं. पण धातू दुपारी तापतो, घसरगुंड्यांसकट. बाहेरचा भाग पहिल्या तासात किंवा चारनंतर, मधल्या वेळात इमारतीच्या आत.

नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली असतात, आठवड्याच्या दिवशी सकाळी शंभर-शंभर मुलांच्या रांगा. सुट्टीत शाळा नसतात, पण घरची मंडळी असतात.

बसवेड्या मुलांसाठी आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. ट्रामच्या-बसच्या प्रतिकृती, जुनी तिकीट यंत्रं. जवळचं स्टेशन गुरू तेग बहादूर नगर, तुम्हाला ते हार्बरला पडतं. चालू आहे ना, कुठल्या वारी, ते विचारूनच जा. सहलीचा अख्खा दिवस त्यावर टाकू नका, तासाभराचं काम आहे.

चष्मिष

विज्ञान केंद्रात मुलं काय करतात? पळत जातात, बटण दाबतात, काय झालं ते न बघता पुढचं बटण दाबतात. तासाभरात साठ प्रयोग 'झाले'. उपाय एकच आणि सोपा: बटणावर हात ठेवू द्यायचा, पण दाबायच्या आधी 'काय होईल?' याचं उत्तर घ्यायचं. चूक का असेना. मग दाबायचं. मग मोठ्या बहिणीने चुकीचं का झालं ते छोट्याला सांगायचं. दहा प्रयोग केले तरी पुष्कळ. एखादा बंद असेल तर (बटणांची यंत्रं बंद पडतातच, दिवसाला शेकडो हात लागतात) तिथे थांबून कुरकुरू नका, पुढे चला.

त्रिमितीय खेळाचं तिकीट वेगळं असतं. चष्मा ४ वर्षांच्या नाकावर राहत नाही, मागून पकडून बसावं लागतं.

टेम्सकाठी

लंडनहून वाचतेय. इथलं निसर्गसंग्रहालय फुकट आहे, म्हणून उलट सोपं जातं: पाऊण तास बघायचं आणि निघायचं, पैसे वसूल करायची घाई नाही. तिकीट काढलं की आपण वसूल करायला बसतो. मुंबईतही काही ठिकाणी तिकीट नाही ना?

तिकीटखिडकी

जहांगीर कलादालन फुकट आहे, प्रिन्स ऑफ वेल्सच्या शेजारीच. वीस मिनिटांत दोन-तीन प्रदर्शनं. चित्रं भिंतीवर, काच मध्ये नाही, मुलांना बरं पडतं. फक्त मुलाचा हात धरा, ओल्या रंगाचा वास आला की बोट जातंच. कलावंत तिथेच बसलेला असतो. मुलाने त्याला प्रश्न विचारला तर त्याला आवडतं, चित्राला हात लावला तर नाही.

गावदेवीचं मणिभवनही. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे राहत. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलेत, ८ वर्षांच्या मुलीला त्यातून सरळ गोष्ट कळते. जिने आहेत, त्यामुळे सासूबाईंसाठी नाही.

फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद, म्हणजे दिवाळीत दोनदा तपासा. छोट्यासाठी नाही.

पेठकर

पुण्याचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून. राजा दिनकर केळकर संग्रहालय. दुपारीही उघडं असतं, हेच पुण्यातलं पहिलं नवल. दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' हे कवी, लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारला दिला. मुलांसाठी इथली खासियत अशी की वस्तू घरातल्या आहेत: अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, शेवयांचं यंत्र, भांडी. राजाची तलवार बघून मुलं 'वा' म्हणतात आणि विसरतात. शेवयांचं यंत्र बघितलं की 'आजी, हे तुझ्याकडे आहे?' सुरू होतं. पिंपळपान, सासूबाईंना इथे आणा, मार्गदर्शक वेगळा लागणार नाही.

दालनं लहान आणि जिने बरेच, एवढी अडचण. आठवड्याच्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर निवांत.

आणि चाकंवाल्या चिरंजीवांसाठी कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. १९९८ पासून आहे. खेळाच्या वेळा असतात, मध्येच जाऊन उपयोग नाही. गाड्या खऱ्याच्या ८७ पट लहान, त्यामुळे सगळ्यात पुढे उभं राहिल्याशिवाय चार वर्षांच्या मुलाला काही दिसत नाही. वेळेआधी दहा मिनिटं पोचा.

व्याकरणवेडा

'८७ पट लहान' नाही, '८७ व्या भागाएवढ्या'. लहान हे पटीत होत नाही.

पेठकर

तुम्ही कधी मूल घेऊन संग्रहालयात गेलात का हो? फलक वाचून होत असतील?

व्याकरणवेडा

फलकांवरच्या चुका शोधायचा खेळ मोठ्या मुलांना फार आवडतो. कागद-पेन्सिल देऊन बघा.

शिशिरा

हसू नका, कागद-पेन्सिलचा मुद्दा खरा आहे. पेन नको, पेन्सिल न्या. बऱ्याच दालनांत पेन चालत नाही, कारण शाईचा डाग निघत नाही. छोटी वही, मागे पुठ्ठा, दोन पेन्सिली (एक हमखास पडते). मेणाचे रंगीत खडू नकोत, गरम हातात मऊ पडून बोटांना लागतात आणि बोटं भिंतीला.

खजिना-शोधाची यादी घरी करा. पण 'अमुक मूर्ती शोधा' असं लिहू नका. दालन दुरुस्तीसाठी बंद असतं, वस्तू दुसरीकडे प्रदर्शनाला गेलेली असते, मग मूल अर्धा तास नसलेली गोष्ट शोधतं आणि रडतं. 'सोंड असलेलं काहीही', 'चारपेक्षा जास्त हात', 'तुटलेलं नाक', 'फूल हातात धरलेलं कोणीतरी', 'तुझ्यापेक्षा छोटी तलवार' असं लिहा. कुठेही गेलं तरी सापडतं. छोट्याला अक्षरं येत नाहीत, त्याच्यासाठी चित्रं काढा, पाच पुरे. मुलीला आठ. एक अवघड ठेवा, जी सापडली नाही तरी चालेल.

'हात लावू नको' हे शंभरदा म्हणण्यापेक्षा कारण एकदा सांगा: आपल्या बोटाला घाम आणि तेल असतं, हजार मुलांनी एकाच जागी हात लावला की दगडही काळा पडतो. आणि दोन्ही हातांत काहीतरी द्या. वही-पेन्सिल धरलेला हात मूर्तीकडे जात नाही.

पिंपळपान

शिशिरा, यादीची कल्पना भारी आहे! आणि खाण्याचं? काहीच बोललं नाही कोणी.

बटाटाभाजी

माझा विषय आला. चिवडा नको. सांडतो, तहान लागते, तहान लागली की पाणी, पाणी प्यायलं की शू, आणि शौचालय नेमकं दुसऱ्या टोकाला. केळी पिशवीत चेपतात. दहीभात डोंबिवलीहून निघाल्यावर एकपर्यंत आंबतो.

न्यायचं: दशम्या किंवा धपाटे, बटाट्याची सुकी भाजी पोळीत गुंडाळून (पाणी न घालता केलेली), गुळपोळी, राजगिऱ्याचे लाडू. सगळं एका हाताने खाता येईल असं. पाण्याची स्टीलची बाटली. राणीच्या बागेत प्लास्टिकच्या पिशव्या दारावर अडवतात, कापडी पिशवी न्या. डबा आत नेऊ देतात का, ते नियम बदलत असतात, दाराशी विचारा. नाही म्हणाले तर आत जायच्या आधीच पोटभर खायला घाला. खरं तर काहीही असो, आत जायच्या आधी खायला घालाच. उपाशी मुलाला १८७२ काय नि १९७२ काय.

दालनात खाणं-पिणं कुठेच चालत नाही, बिस्किटाचा चुरा मुंग्या-झुरळं आणतो आणि लाकूड-कापडाच्या वस्तूंना तो घातक. पिशव्या बाहेर ठेवायला लावतात. औषध, रुमाल, मुलाचे एक जास्तीचे कपडे असलेली छोटी पिशवी वेगळी काढा, मोठी पिशवी जमा केल्यावर मधे मिळायला वेळ लागतो.

डबलडेकर

फोर्टात गेलात तर रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार जण. तुम्ही तीन मोठे, दोन मुलं. छोटा मांडीवर धरून काही जण घेतात, काही नाही. सीएसएमटीपासून प्रिन्स ऑफ वेल्स वीस-पंचवीस मिनिटं चालत, मुलाच्या पायांनी चाळीस. चर्चगेटहून कमी.

टेम्सकाठी

मुलांची ढकलगाडी न्यावी का? इथे सगळे नेतात.

डबलडेकर

लोकलमध्ये? नको. फलाट, पूल, पदपथाच्या कडा, सगळीकडे उचलावी लागेल. कमरेला बांधायची झोळी किंवा आळीपाळीने खांदा.

तिकीटखिडकी

काळा घोडा भागात गेलात तर एक जोडी दाखवा. चौकात आता उभा आहे तो स्वार नसलेला घोडा, २०१७ चा. मूळ 'काळा घोडा' म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा पुतळा, तो १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता राणीच्या बागेच्या आवारात आहे. एका सहलीत एक घोडा, दुसऱ्या सहलीत दुसरा. 'याचा माणूस कुठे गेला' या प्रश्नावर मुलं दोन महिने वाट बघतात. फेब्रुवारीच्या आसपास तिथे कलामहोत्सव असतो, तेव्हा लहान मुलं घेऊन त्या रस्त्यावर जाऊ नका, घोडाच काय, रस्ताही दिसत नाही.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. नवा आराखडा, तपासून द्या:

शनिवार (बुधवार नाही, सुट्टी नाही, बघितलं). सकाळी ६:५० ची जलद, गर्दीच्या आधी. भायखळा. नाश्ता बाहेर बसून. बाग उघडताच पेंग्विन, वाघ, अस्वल. मग हत्ती. साडेअकराला भाऊ दाजी लाड, खाली सासूबाई, नवरा आणि छोटा, वर मी आणि मुलगी, मग माझी आणि नवऱ्याची अदलाबदल. एकला जेवण. तीनच्या आत परतीची गाडी. विज्ञान केंद्र नाताळच्या सुट्टीत, घोडा-शस्त्रं उन्हाळ्याआधी. चौपाटीची भेळ रद्द, घरी करणार.

ठाणेकर_काका

आता माणसांची सहल झाली. ६:५० जरा जास्तच लवकर, बाग उघडेपर्यंत तास-दीड तास फुटपाथवर काढाल. साडेसातची पकडा, तशीही शनिवारी गर्दी थोडी कमी. तुम्ही दोघी आणि मुलं महिला डब्यात चढा, साहेब एकटे.

घारापुरी

'अदलाबदल' छान. फक्त मुलीला वर नेताना छोट्याला सांगू नका की वर काही आहे.

शिशिरा

आणि संग्रहालयातून 'अजून बघायचंय' म्हणत असतानाच बाहेर काढा. 'घरी चल' म्हणायची वेळ आली की उशीर झाला.

बटाटाभाजी

भेळेचं साहित्य शुक्रवारी रात्रीच आणून ठेवा. परत आल्यावर चिंच भिजवायला कोणी उठणार नाही.

व्याकरणवेडा

'साहित्य' दोन्ही अर्थांनी चालतं. हे मात्र बरोबर लिहिलंत.

पिंपळपान

साडेसातची नक्की. मुलीने यादीत स्वतःहून एक भर घातली आहे: 'हत्तीचे सांधे किती'. कोणाला मोजून माहीत असेल तर इथे लिहू नका, प्लीज.